तुमच्या गावचा पिझ्झा कसा असतो? वाद घाला, पण अनुभव लिहा

गेल्या शनिवारी आमच्याकडे गटग (गेट टुगेदर) झालं. शिकागोहून एक कुटुंब आलं होतं, एक डेट्रॉइटजवळचं, आम्ही सगळे न्यू जर्सीवाले. जेवण बाजूलाच राहिलं आणि खरा पिझ्झा कुठला यावर दीड तास वाद झाला. भांडण नाही, पण कुणी मागे हटेना. म्हणून हा धागा. तुम्ही जिथं राहता किंवा राहिलात तिथला पिझ्झा, पहिल्यांदा खाल्ला तेव्हा काय वाटलं, आणि तिथलं आणखी काय खायला आवडतं ते लिहा. चेनवाले पिझ्झे नकोत, ते सगळीकडे सारखेच.

माझं मत आधीच सांगते. आपण सगळे टॉपिंगवरून वाद घालतो, पण फरक पडतो तो ओव्हन आणि भांड्यामुळे. पीठ कशात भाजलं, किती आचेवर आणि किती वेळ, यावरून पुढचं सगळं ठरतं.

आमच्या सेंट्रल जर्सीत ट्रेंटनचा टोमॅटो पाय आहे. नाव पाय (इंग्रजी pie) असलं तरी पिझ्झाच. यात पोळीवर आधी चीज पसरतात आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी, तेही कुस्करलेले, सॉस म्हणावा असे गुळगुळीत नाहीत. चीज मधे आल्यामुळे टोमॅटोचं पाणी पोळीत मुरत नाही आणि खालची बाजू शेवटच्या तुकड्यापर्यंत कडक राहते. ट्रेंटनमधलं पापाज १९१२ सालचं, आता रॉबिन्सव्हिलला आहे. तिथं अक्षरधामला पाहुण्यांना घेऊन गेलो की परत येताना टोमॅटो पाय ठरलेला. माझ्या सासूबाईंना पिझ्झा म्हटलं की चीजचा गोळा आठवतो आणि नको होतं, पण हा त्यांनी दोनदा मागून घेतला, म्हणाल्या यात टोमॅटो टोमॅटोसारखा लागतो. आणि दुसरं आवडतं म्हणजे ऑगस्टमधले जर्सी टोमॅटोच. जाड चकती, मीठ, पावाला लोणी, बस.

* * *

ताई, धागा छान. मी क्वीन्समधे अकरा वर्षं राहिलो त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे, न्यूयॉर्क स्लाइस. कागदी प्लेटवर घ्यायचा, मधे दुमडायचा, टोकाकडून सुरुवात करायची आणि चालत चालत खायचा, कोपरापर्यंत तेल आलं तर येऊ द्यायचं. ज्याला दुमडता येत नाही किंवा दुमडल्यावर ज्याचे दोन तुकडे होतात तो स्लाइस माझ्या लेखी नापास. इथं सगळे पाण्याला श्रेय देतात, न्यूयॉर्कचं पाणीच वेगळं म्हणतात, मला ते पटत नाही. भरपूर ग्लूटेनचं पीठ, ते पीठ फ्रीजमधे एखाद दोन दिवस थंड ठेवून सावकाश फुगवायचं, आणि दगडी तळाचा गॅसचा ओव्हन, माझ्या मते यातच सगळं आलं. न्यूयॉर्कचं लोम्बार्डीज हे पिझ्झ्याचं दुकान १९०५ पासूनचं म्हणतात, तिथं कोळशाची भट्टी होती आणि अख्खा पिझ्झा मिळायचा. पुढे गॅसचे ओव्हन आल्यावर कोपऱ्याकोपऱ्यावर स्लाइस मिळायला लागला. म्हणजे ओव्हनचं तुमचं म्हणणं इथं बरोबर बसतं.

* * *

शनिवारच्या वादातला डेट्रॉइटवाला मीच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डेट्रॉइटचा पिझ्झा चौकोनी असतो कारण ट्रे चौकोनी. १९४६ मधे बडीजमधे गस ग्वेराने सुरुवात केली, आणि ट्रे कुठले, तर कारच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायचे ते निळसर पोलादाचे. जाड, उभ्या कडांचे, आच धरून ठेवणारे. ज्या गावात घराघरात कुणीतरी मोटार कंपनीत कामाला होतं तिथं हे ट्रे कुणाच्या हाताला लागणार नाहीत तर काय. मी स्वतः ऑटो इंडस्ट्रीत आहे, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून या पिझ्झ्यावर माझा जरा जास्तच जीव आहे.

आता खरी गंमत कडेची. पीठ चांगलं सैल असतं, ते तेल लावलेल्या ट्रेमधे बोटांनी कोपऱ्यापर्यंत सरकवायचं, एकदम सरकत नाही, मागे येतं, मग वीस मिनिटं झाकून ठेवायचं आणि परत सरकवायचं. वर विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज, चौकोनी तुकडे करून, आणि ते ट्रेच्या भिंतीला टेकेल असं अगदी कडेपर्यंत टाकायचं. सॉस वरून, दोन किंवा तीन पट्टे. ओव्हनमधे ते चीज भिंतीवरून खाली उतरतं आणि पीठ आणि पोलाद यांच्या मधे तळलं जातं. बाहेर काढलं की लगेच पातळ उलथनं कडेनं फिरवायचं, तेव्हा जो चर्र आवाज येतो तो ऐकायला आमची दोन्ही मुलं हातातलं सोडून स्वयंपाकघरात येतात. ती कड तपकिरी, जाळीदार, कुरकुरीत. आजी दूध आटवल्यावर पातेल्याची खरवड आम्हाला वाटून द्यायची, मला पहिल्या घासाला तीच आठवली, आणि आठवण नुसती चवीची नाही, त्यासाठी व्हायच्या त्या भांडणाचीही. आमच्याकडे कोपऱ्यासाठी तेच होतं, म्हणून आता आठ बाय दहाचा लहान ट्रे वापरतो, चार तुकडे, चारही कोपऱ्याचे.

बाकी इथलं आवडतं म्हणजे डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकमधल्या पोलिश बेकऱ्यांचे पूंच्की, म्हणजे भरलेले डोनट. लेंटच्या (ईस्टरआधीच्या ख्रिश्चन उपासांच्या) आदल्या मंगळवारी मिळतात, आत आलुबुखाराचा किंवा गुलाबाचा जॅम. थंडीत पहाटेपासून रांग असते आणि मी दर वर्षी त्या रांगेत असतो.

* * *

शिकागोवाली मी. दादा, त्या दिवशी मला बोलू दिलं नाहीत म्हणून इथं लिहिते.

सगळे म्हणतात शिकागो म्हणजे डीप डिश, खोल भांड्यात भाजलेला जाड पिझ्झा. डीप डिश आमचीच, १९४३ मधे पिझेरिया उनोमधे सुरू झाली आणि मला ती मनापासून आवडते. चीज तळाला, सॉस वर, कारण तीस-चाळीस मिनिटं भाजताना चीज वर ठेवलं तर करपून जाईल. म्हणजे इथंही भांडं आणि वेळ. पण एकोणीस वर्षांत मी डीप डिश खाल्ली असेल ती पाहुणे आले तेव्हाच. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना शिकागोचा माणूस जो पिझ्झा उचलतो तो टॅव्हर्न स्टाइल असतो. पातळ, कडकडीत, गोल असूनही चौकोनी तुकडे केलेला. पूर्वी बारमधे बिअरबरोबर नॅपकिनवर ठेवून देता यावेत म्हणून असे लहान तुकडे. मधले चौकोन मऊसर, आणि कडेला चार इवले इवले त्रिकोण उरतात ते सगळ्यात कडक. माझी मुलगी डबा उघडल्याबरोबर तेच उचलते.

आणि त्यावर जार्डिनेरा! ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना सांगते, हे आपलं मिश्र लोणचंच आहे. फ्लॉवर, गाजर, सेलरी, हिरव्या मिरच्या, सगळं बारीक चिरून आधी मिठात, मग तेलात. शिकागोत ते सँडविचवरही घालतात, पिझ्झ्यावरही. मी इथं नवी आले तेव्हा डिसेंबर होता, अंधार चार वाजता, कुणी ओळखीचं नाही, आणि शेजारच्या इटालियन आजींनी एक बरणी आणून दिली. त्या रात्री मी ते वरणभाताबरोबर खाल्लं. अजूनही फ्रीजच्या दारात ती बरणी संपली असं होत नाही.

* * *

कनेटिकटमधल्या न्यू हेवनबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी तिथं पीएचडी केली, सहा वर्षं, आणि माझ्या मते ही स्पर्धा तिथंच संपते.

तिथं म्हणतात अपिझ्झा, आणि उच्चार करतात अबीट्स, नेपल्सकडच्या बोलीतून आलेला. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपेज १९२५ चं आणि सॅलीज १९३८ चं, दोन्हीकडे कोळशाची भट्टी. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर आलेला पिझ्झा बघून मी हादरलो, कड काळी, खालून काळे डाग, आकारही गोल नाही, लांबट वेडावाकडा. मला वाटलं करपलाय, बदलून मागायला हातही वर केला होता, पण बरोबरचा मित्र म्हणाला एक घास खा आणि मग बोलाव. तो काळा भाग कडू नव्हता. चुलीवरच्या भाकरीला जे डाग पडतात ना, तो वास. आईकडे गावी चुलीवरची भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दुसरं म्हणजे तिथं साधा पिझ्झा मागितला तर मोझरेला नसतं. टोमॅटो आणि किसलेलं कडक चीज, एवढंच. मोझरेला हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं, त्याला ते मूट्स म्हणतात. मला ते पहिल्या वर्षी कळलंच नाही आणि दुसऱ्या वर्षी मीच मूट्स मागायचं बंद केलं. शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा तिथला सगळ्यात प्रसिद्ध, सॉस नाही, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल आणि ताजे क्लॅम. मी मालवणी, तिसऱ्या खात मोठा झालो, त्यामुळे मला तो परका वाटलाच नाही. थिसिस सबमिट केला त्या संध्याकाळी एकट्याने अख्खा खाल्ला.

* * *

एक सूचना, कडक शाकाहारी लोकांसाठी. पेकोरिनो रोमानो आणि अस्सल इटालियन पार्मेजान दोन्हींत प्राण्यांचं रेनेट (चीज करताना दूध घट्ट करायला घालतात ते, जनावराच्या पोटातून काढलेलं) असतं. त्यामुळे वरचा न्यू हेवनचा साधा पिझ्झा नुसता बघून शाकाहारी समजू नका, कुठलं चीज ते विचारा. माझ्या आईला हे तीन वर्षांनी कळलं आणि तिला फार लागलं, म्हणून लिहितेय.

* * *

सेंट लुइसची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी. आमच्या पिझ्झ्यात यीस्ट नसतं, बेस खाकऱ्यासारखा, आणि चीज असतं प्रोव्हेल. हे प्रोसेस केलेलं चीज आहे, चेडर, स्विस आणि प्रोव्होलोन एकत्र करून केलेलं, ताणलं तर तार येत नाही, घासात स्वच्छ तुटतं, आणि थोडा धुरकट वास. बाहेरचे लोक याला प्लास्टिक म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. माझी मुलं याच्यावर वाढली, प्रत्येक लिटल लीग (मुलांच्या बेसबॉल) मॅचनंतर हाच. गरम असताना खा, थंड झाला की मजा जाते हे मान्य. तळलेली रॅव्हिओली आणि गूई बटर केकही खाऊन बघा, केक मधून अर्धा कच्चा वाटतो पण तो तसाच असायचा असतो.

* * *

मी मागच्या वर्षी नेपल्सला जाऊन आले. तिथं १९८४ पासून अस्सल नेपोलिटन पिझ्झ्याचे नियम ठरवणारी संस्था आहे, आणि पिझ्झा करण्याच्या कलेला २०१७ मधे युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. लाकडाची भट्टी जवळपास ४८५ अंश सेल्सियसला, आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदात बाहेर. मी काउंटरजवळ उभी राहून मोजलं, सत्तर. इतक्या थोड्या वेळात कड फुगते, डाग पडतात, पण मधला भाग ओलसरच राहतो. अमेरिकेतून जाणाऱ्याला वाटतं कच्चा आहे. न कापता येतो, एका माणसाला एक, आणि काटा-सुरी. रोममधे गेलो तर सगळं वेगळं, लांबलचक ट्रेमधला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात. दोन शहरं ट्रेननं तासा-सव्वातासावर, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या पिझ्झ्याला नाकं मुरडतात. न्यूयॉर्कवाल्या दादांना माझा प्रश्न, नेपल्सचा पिझ्झा दुमडला तर टोक खालीच लोंबतं, मग तो नापास का?

* * *

नापास नाही ताई, दुमडायचा नियम फक्त स्लाइससाठी. शब्द मागे घेतो.

* * *

अननस आवडणारे आहेत का कुणी? मी कॅनडात ऑन्टारिओत राहते. हवाईयन पिझ्झा हवाईचा नाही, आमच्या चॅटममधे १९६२ साली सॅम पॅनोपुलोस या ग्रीक माणसाने केला. मला आवडतो, आंबट-गोड-खारट एकत्र खायची आपल्याला सवय आहेच. मी वरून हिरवी मिरची घालते.

* * *

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातला मी. इथं पंजाबी लोकांनी चालवलेल्या पिझ्झेरियात अचारी पनीर, तंदुरी गोभी, वर कोथिंबीर आणि आलं असा पिझ्झा मिळतो, आणि माझं ठाम म्हणणं आहे की याला रीजनल स्टाइल म्हणूनच मोजा. आमच्या मुलांचे मेक्सिकन, व्हिएतनामी मित्र वाढदिवसाला हाच मागतात. इटालियन लोकांनी इथं कोळशाची भट्टी वापरली, डेट्रॉइटवाल्यांनी कारखान्यातले ट्रे घेतले, मग आमच्या पनीरवर आक्षेप का?

* * *

आक्षेप अजिबात नाही. पण माझा मूळ मुद्दा तोच राहतो, खालची पोळी कशी असते ते सांगा. जाड? ट्रेमधली? दगडावरची?

* * *

दगडावरची, मध्यम जाड, कड फुगलेली. न्यूयॉर्कच्या जवळची पण दुमडत नाही, वर माल जास्त असतो.

* * *

सगळं वाचून भूक लागली. मी कॅन्ससमधे लहान गावात राहते, इथं चेनशिवाय काही नाही, त्यामुळे घरीच करते. घरचा ओव्हन ५५० फॅरनहाइटच्या वर जात नाही, त्यात नेपल्स जमत नाही, तीनदा केला, तीनदा पांढरा फटक आला. वरचं वाचून डेट्रॉइटचा ट्रे मागवला, आज आला. पीठ फ्रीजमधे आहे, उद्या संध्याकाळी करणार. ब्रिक चीज मिळालं नाही, मोझरेला आणि थोडं मन्स्टर घेतलंय. दादा, ट्रे नवा आहे, काय काय करायचं?

* * *

मन्स्टर चालेल, छान वितळतं. ट्रे आज रात्रीच तयार करा. त्यावर कारखान्याचं तेल असतं ते गरम पाण्याने एकदा धुवून काढा, लगेच पुसा, मग आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात, जास्त झालं तर चिकट होईल, आणि ४५० ला तासभर उपडा ठेवा. आपला बिडाचा तवा करतो तसंच. नंतर साबण नाही, भिजत टाकायचा नाही, नुसता पुसायचा, नाहीतर कोपऱ्यात गंज धरतो. आणि उद्या चीज भिंतीला टेकवायला घाबरू नका.

* * *

उपडा ठेवलाय ओव्हनमधे. धूर येतोय, खिडकी उघडली.

* * *

बरोबर चाललंय. येऊ द्या.