अमेरिकेत आठवी-नववीतच ॲडव्हान्स्ड मॅथ: घ्यावं का, कधी?

इथला क्रम असा: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस. अल्जिब्रा १ नववीत घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस, आठवीत घेतलं तर बारावीत कॅल्क्युलस, सातवीत घेतलं तर अकरावीतच. म्हणजे प्रश्न हायस्कूलचा वाटला तरी फाटा मिडल स्कूलमध्येच फुटतो. मुलं यातून गेली असतील किंवा तुम्ही शिकवत असाल तर नेमकं लिहा. ‘हुशार असेल तर घ्या’ एवढंच नको.

---

प्लेसमेंट टेस्टचे (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेचे) मार्क बघू नका, मुलाची वही बघा. हे एक गणित द्या: (x+2)/3 − (x−1)/4 = 1. बाराने गुणल्यावर 4x+8−3x+3 = 12, म्हणजे x = 1. कच्चं मूल कंसाबाहेरचं वजा चिन्ह फक्त x ला लावतं, −3x−3 लिहितं आणि उत्तर 7 काढतं. चूक एकदा होणं चालतं. पण 7 परत घालून पाहिलं की डावीकडे दीड येतो. हे न सांगता करून बघतं का, ते महत्त्वाचं. करत नसेल तर एक वर्ष थांबा.

कॅल्क्युलसमध्ये मुलं अडतात ती बहुतेक वेळा कॅल्क्युलसमुळे नाहीच. x शून्याकडे जाताना (√(x+4) − 2)/x ची लिमिट काढायची असते. लिमिट म्हणजे काय ते पोपटासारखं सांगतात, पण वर-खाली √(x+4) + 2 ने गुणायचं सुचत नाही. सुचलं की 1/4 दोन ओळींत येतं. ही कमाई अल्जिब्रा २ ची.

---

उन्हाळ्यात सहा आठवड्यांत जॉमेट्री ‘उरकायची’ टूम आहे, तिच्यापासून जपा. सूत्रं पाठ होतात, प्रूफ राहून जातात. वर्ष वाचवायचंच असेल तर जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी शेजारी-शेजारी घेणं बरं, कारण दोन्हींना पाया अल्जिब्रा १ चाच लागतो. शाळा परवानगी देते का ते मात्र आधी विचारा. त्या वर्षी रोजचा गृहपाठ दुप्पट होतो, तेव्हा बाकीचे क्लासेस कमी करा.

---

काउन्सेलरला तीन गोष्टी विचारा. मिडल स्कूलचा अल्जिब्रा १ चा ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर) येतो का? जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात का? आणि झेपलं नाही तर कुठल्या तारखेपर्यंत खालच्या वर्गात जाता येतं? प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचे नियम वेगळे. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचं उत्तर तुम्हाला लागू होईलच असं नाही.

---

एपी कॅल्क्युलसचे दोन कोर्स असतात, एबी आणि बीसी; त्यांतला कुठला, यावर थोडं. बीसीत एबीचं सगळं येतंच, वर सिरीज, पॅरामेट्रिक, पोलर वगैरे. बीसीच्या निकालात एबीचा सबस्कोर वेगळा मिळतो. त्यामुळे प्रीकॅल्क्युलस पक्कं असेल तर आधी एबी आणि पुढच्या वर्षी बीसी, असं करण्यात अर्धं वर्ष उजळणीत जातं. कॉलेज क्रेडिटचं म्हणाल तर एमआयटीसारख्या ठिकाणी एबीचं मिळत नाही, बीसीला पाचपैकी ५ हवेत.

पण दहावीत बीसी संपवणाऱ्याने पुढच्या दोन वर्षांचं आधी ठरवावं. शाळेत मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस (बीसीच्या पुढचा कोर्स) नसेल तर कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा वर्ग) घ्यावी लागते. तिथे वर्ग दुपारी असेल तर नेणं-आणणं कोण करणार? एपी स्टॅटिस्टिक्सला अल्जिब्रा २ पुरतं, तो भराव म्हणून ठीक. दोन वर्षं गणितच नाही, हा पर्याय सगळ्यात वाईट.

---

‘आपल्याकडे सायन्सची सगळी मुलं अकरावी-बारावीत कॅल्क्युलस करतात, इथलं सोपंच’ हे ऐकून ऐकून कान किटले. तिथेही ते अकरावी-बारावीतच करतात हो, आठवीत नाही!

घाई न करता खोलात जायचं असेल तर एएमसी १० चे (दहावीपर्यंतच्या मुलांच्या गणित स्पर्धेचे) जुने पेपर काढा: ७५ मिनिटांत २५ प्रश्न, कॅल्क्युलस अजिबात नाही. आठवीतल्या मुलाला पहिले दहा घड्याळ न लावता द्या. अडल्यावर वीस मिनिटं चिवटपणे बसतं की लगेच उत्तर मागतं, तेवढं बघा.