लहान पोरांबरोबर जिबली खेळायला आई-बापानं उतरायचं की नाही?

वडगावची सून:
दिवाळीच्या सुट्टीपासनं मी रोज संध्याकाळी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गल्लीत जिबली, म्हणजे घरं आखून लंगडी घालत खापरी सरकवायचा खेळ, खेळते, विटेच्या तुकड्यानं आठ घरं आखते आणि माहेरच्या जुन्या घराचं मंगळुरी कौल फुटलेलं त्याची खापरी घासून गोल करून घेतलीय. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरांचे खेळ पोरांना खेळू देत, बाईमाणसानं रस्त्यावर लंगडी घालणं बरं दिसत नाही. मला हे पटत नाही. आम्हाला गल्लीतल्या मोठ्या मुलींनी शिकवलेलं, आता त्या वयाच्या मुली संध्याकाळी ट्युशनला असतात, मग शिकवणार कोण? तुमचं काय मत?

येळ्ळूरकर:
ताई राग मानू नका, लोक काय म्हणूलाल्यात ते सोडा, पण पोरांचे खेळ पोरांना हे काकूंचं म्हणणं बरोबर आहे. आई समोर असली की पोरगं प्रत्येक भांडण घेऊन तिच्याकडंच पळतंय. रेषेवर पाय पडला का नाही ह्यावरनं आम्ही अर्धा अर्धा तास भांडायचो, कट्टी घ्यायचो, परत खेळायचो. ते कोण शिकवणार? चार दिवस दाखवा आणि कट्ट्यावर जाऊन बसा.

वडगावची सून:
चार दिवसांत होत नाही ओ दादा. एका पायावर उडी चार-पाच वर्षांच्या आसपास कुठं जमायला लागते, माझी लेक दुसऱ्या घरातच दोन्ही पाय टेकवायची. म्हणून आधी दोन आठवडे नुसत्या बेडूकउड्या, मग एक लंगडी एक बेडूकउडी, खापरी हातानं उचलायची, पायानं सरकवायचं तर अजून बाकीच आहे. मोठ्या पोरांत एवढं कोण थांबतंय? कच्चा लिंबू करून बाजूला ठेवतात आणि ती बसते रडत.

तिसऱ्या गेटजवळचा:
मला दोघांचंही पटत नाही, आधी जागा कुठाय ते सांगा. आमच्या टिळकवाडीत गल्लीतनं टू-व्हीलर अशा सुसाट जातात की पाच वर्षांचं पोर रस्त्यावर सोडायला मन धजत नाही. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचं नाव आलं तेव्हा आनंद झालेला, पण आमच्याकडं लाल मातीचं अंगण म्हणून काही उरलं नाही, सगळं पेव्हर आणि काँक्रीट. मी टेरेसवरच खेळवतो, खाली नाही म्हणजे नाही.

निपाणीची बालवाडी बाई:
टेरेसवर खेळवा की ओ, कठडा उंच असला आणि तुम्ही जवळ थांबला की झालं, उजेड तर मिळतोय. दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या पोरांना लांबचं न दिसायचा चष्मा लागायचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगितलंय की ३-४ वर्षांच्या पोरांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल पाहिजे, त्यातली ६० तरी दम लागेल अशी, आणि स्क्रीन एक तासाच्या आत. आता १८० मिनिटं एकटी आई कुठनं भरून काढणार? सोबती लागतातच, तेवढ्यापुरतं मी येळ्ळूरकरांच्या बाजूनं. पण सुरुवात मोठ्यांनीच करून द्यावी लागते हे मी वर्गात रोज बघते. आमच्यात काही पोरं घरी कन्नड बोलतात, ती जिबलीला कुंटेबिल्ले म्हणतात, ओंदु एरडु मूरु मोजत उड्या मारतात आणि आठवड्याभरात मराठी पोरंपण तसंच मोजायला लागतात. मी फक्त घरं आखून दिलेली.

येळ्ळूरकर:
बाई, मग आखून द्या आणि बाजूला व्हा, मी तेच तर म्हणतोय!

वडगावची सून:
बरं, पटलं थोडं. शेजारच्या पोरीसाठी दुसरी खापरी घासून ठेवलीय, उद्या दोघींना खेळू देते आणि मी कट्ट्यावर बसते, भांडल्या तरी उठणार नाही. पण रविवारी मी खेळणारच, मला स्वतःला आवडतं ते.