बोरीबंदरच्या फाटकावरील सिंह आणि वाघ

नौपाडेकर (ठाणे):
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, म्हणजे मुंबईतील जुन्या बोरीबंदर स्थानकाच्या, फाटकाच्या दोन खांबांपैकी एकावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसवलेला आहे. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. परंतु सिंह आपल्याकडे गीरच्या जंगलात आहे, इंग्लंडात नाही. मग ही वाटणी कशी झाली? दोघांनाही सारखेच खांब दिले आहेत, यावरून बरोबरीचे नाते सुचवायचे होते असे समजावे का?

ऐरोलीकर:
इंग्लंडच्या सिंहाचा जंगलाशी संबंध नाही. बाराव्या शतकापासून तो तेथील राजचिन्हात आहे. वाघाची गोष्ट अधिक बोलकी आहे. वाघ हे टिपू सुलतानाचे चिन्ह होते आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने काढलेल्या पदकावर सिंहाने वाघाला लोळवल्याचे दृश्य आहे. ते डोळ्यांसमोर ठेवून वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिलेली ही इमारत पाहिली, तर येथील वाघ सिंहाच्या पायाखाली नसून स्वतंत्र बसला आहे, हा फरक लक्षात येतो. तरीही मी त्याला बरोबरी म्हणणार नाही. झुंज संपल्यावर दोघांनाही पहाऱ्यावर बसवणे जिंकणाऱ्याला परवडते, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो.

बेलापूरवासी:
सत्ता सांगण्यासाठी दारावर प्राणी कोरण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून आहे. जंजिऱ्याच्या दरवाजाजवळचा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, नीट पाहावा: चारही पंजांत हत्ती, शेपटीच्या विळख्यातही हत्ती! तेथे मात्र बरोबरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

नौपाडेकर (ठाणे):
दोघांचेही आभार. मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीवर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू घेतलेले माकड आहे, तेही असेच प्रतीक समजावे का?

ऐरोलीकर:
खटला हरलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरवून घेतले, ही कथा वकीलमंडळी मोठ्या चवीने सांगतात, पण मला ती पटत नाही. १८७८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत गॉथिक धाटणीची आहे, आणि युरोपातील गॉथिक कारागीर प्राण्यांना धर्मगुरूंचे वेष चढवून अशी थट्टा शतकानुशतके करत आले होते. शिवाय प्रत्येक प्राण्यात प्रतीक शोधू नये. टर्मिनसच्या भिंतींतून बाहेर झेपावणारी जनावरांची तोंडे गॉथिक इमारतींतील पन्हळींच्या परंपरेतली आहेत, आणि त्या पन्हळींचे मूळ काम छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणे हेच असते.