स्वतंत्र संगीतकार म्हणून पुढच्या दोन वर्षांची ध्येयं कशी ठरवावीत? सल्ला हवा आहे

मंद्रसप्तक

नमस्कार. मी गाते, चाली स्वतः बांधते आणि रेकॉर्डिंग घरीच करते. दिवसभर नोकरी असते. गेल्या तीन वर्षांत ४ गाणी प्रसिद्ध केली आणि ११ अर्धवट पडून आहेत. कुठे दुसरा अंतरा सुचलेला नाही, कुठे मिक्सिंग, म्हणजे गायन-वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं, राहिलं आहे.

वर्षाच्या सुरुवातीला वहीत तीन ओळी लिहिल्या होत्या: महिन्याला १०,००० श्रोते, एक अल्बम, दोन वर्षांत नोकरी सोडणे. आठ महिने झाले. श्रोते ३४० च्या आसपास अडकले आहेत, अल्बममधलं एकही गाणं पुरं झालेलं नाही आणि ते पान उघडायची इच्छा होत नाही.

लेबलकडे, म्हणजे संगीत कंपनीकडे, जायचं नाही, हे माझ्यापुरतं ठरलं आहे. तर ध्येय लिहिताना नेमकं काय लिहायचं? डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणारी सेवा, निवडताना काय बघायचं? आणि नोकरी सोडायची वेळ कशी ओळखायची? धीर देणाऱ्या वाक्यांपेक्षा तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

खर्जातला

तुमच्या तीन ओळींपैकी पहिली तुमच्या हातात नाही. दुसरी हातात आहे, पण तिला तारीख नाही. तिसरी पहिल्या दोन्हींवर अवलंबून आहे. पान उघडवत नाही ते त्यामुळेच, कारण उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं हे त्यातली एकही ओळ सांगत नाही.

मी चार वर्षांपूर्वी श्रोत्यांचा आकडा ध्येयांतून काढून टाकला. त्याऐवजी एकच ओळ लिहिली: दर सहा आठवड्यांनी एक गाणं पूर्ण. मग 'पूर्ण' म्हणजे काय तेही लिहून ठेवलं, कारण सगळी गडबड त्या शब्दात होते. माझ्या लेखी मास्टर केलेली (प्रसिद्धीसाठी शेवटचा हात फिरवलेली) फाइल, मुखपृष्ठ, शब्द, कोणी काय वाजवलं त्याची यादी आणि प्रसिद्धीची तारीख, हे सगळं एका फोल्डरमध्ये आलं की गाणं पूर्ण.

पुरं न होण्याचं कारणही सांगतो. एका गाण्यात अंतऱ्याच्या आधी माझा श्वास ऐकू येत होता. तो काढू की ठेवू यात तीन आठवडे गेले. कधी आवाज कमी केला, कधी पुन्हा गायलो, कधी दुसऱ्या टेकमधला श्वास आणून चिकटवला. शेवटी एका मैत्रिणीला फोनच्या स्पीकरवर गाणं ऐकवलं. तिने विचारलं, "दुसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द काय आहे?" तो शब्द गिटारखाली पार दबला होता आणि श्वासाच्या नादात मला तो ऐकूच आला नव्हता. तेव्हापासून मिक्स झालं की हेडफोन, फोन आणि गाडी अशा तीन ठिकाणी ऐकतो. गाण्याची ओळख नसलेल्या एकाला ऐकवतो, त्याचं म्हणणं लिहून घेतो, एकदाच दुरुस्ती करतो आणि फाइल बंद करतो.

तारीख ठरवताना उलटं मोजत या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं विचारासाठी पाठवायचं तर प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, आणि त्यासाठी ते डिस्ट्रिब्युटरकडून तिथे पोचलेलं हवं. मी चार आठवडे हाताशी ठेवतो.

षड्जपंचम

खर्जातला यांच्याशी सहमत. मी पैशांच्या बाजूने लिहिते, कारण ध्येय ठरवताना ही बाजू बहुतेकांच्या वहीत नसतेच.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही लिहिता, चाल बांधता आणि रेकॉर्डही करता, म्हणजे दोन्ही तुमचे. पण दोन्हींचे पैसे एका वाटेने येत नाहीत. डिस्ट्रिब्युटर साधारणपणे ध्वनिमुद्रणाचा वाटा गोळा करतो. रचना जाहीरपणे वाजवली गेली की तिची रॉयल्टी रचनाकारांच्या संस्थेमार्फत येते, आणि तिथे तुम्ही सभासद नसाल, गाण्यांची नोंद नसेल, तर ती तुमच्यापर्यंत पोचायला मार्गच राहत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळखीसाठी १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक असतो, रचनेच्या ओळखीसाठी वेगळा आयएसडब्ल्यूसी. तुमच्या ४ गाण्यांचे हे क्रमांक आज हाताशी आहेत का? नसतील तर या महिन्याचं ध्येय तेच. दोन संध्याकाळी पुरतील.

स्ट्रीमिंगबद्दल. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तर एक स्ट्रीम धरला जातो, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्यावर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून नवीन माणसाने स्ट्रीमिंगकडे ओळख वाढवण्याची जागा म्हणून बघावं. घरखर्चाच्या हिशेबात ते धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्ट्रिब्युटर निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारते: मी पैसे भरणं थांबवलं तर गाण्याचं काय होईल? वार्षिक वर्गणी घेणाऱ्या काही सेवा वर्गणी थांबली की गाणी उतरवतात. काही जण एकदाच फी घेतात आणि उत्पन्नातून टक्केवारी कापतात. वर्षाला आठ-दहा गाणी काढणार असाल तर वर्गणी परवडते, एक-दोनच असतील तर टक्केवारी. पुढे सेवा बदललीत तर तीच ऑडिओ फाइल आणि तोच आयएसआरसी द्या, म्हणजे जुने आकडे गाण्याबरोबर राहण्याची शक्यता जास्त.

आणि साथीदारांबरोबरचे वाटे लिहून घ्या. माझं एक गाणं जाहिरातीसाठी घेतलं गेलं, तेव्हा गिटार वाजवणाऱ्या मित्राचं म्हणणं पडलं की सुरुवातीचा तुकडा त्याचा, म्हणून निम्मी चाल त्याची. कागद नव्हता, आणि त्याचं म्हणणं पूर्ण चूकही नव्हतं. व्यवहार मिटायला पाच महिने लागले, मैत्री मात्र पहिल्यासारखी झाली नाही. आता रेकॉर्डिंग संपलं की खोलीतून निघायच्या आधी एका पानावर नावं, टक्के आणि सह्या होतात.

तालवेडा

आकडे सगळेच टाकून देऊ नका. 'किती जणांनी ऐकलं' याच्याऐवजी 'किती जण परत आले' हे बघा. मी प्रत्येक कार्यक्रमात दाराजवळ एक वही ठेवतो, ज्यांना पुढच्या कार्यक्रमाचं कळवलेलं चालेल त्यांनी ईमेल लिहायचा. एका संध्याकाळी २३ श्रोते होते आणि १४ जणांनी पत्ते लिहिले. पुढच्या वेळी त्यातले ९ जण आले, सोबत आणखी कोणाकोणाला घेऊन. स्ट्रीमिंगवरच्या कुठल्याच आकड्याने मला एवढं सांगितलेलं नाही. शिवाय ही यादी माझी आहे, एखाद्या ॲपने नियम बदलले तरी ती माझ्याकडेच राहते.

अमेरिकन जॅझ संगीतकार मरिया श्नायडर यांचा 'कॉन्सर्ट इन द गार्डन' हा २००४ चा अल्बम बघा. श्रोत्यांनी आधीच दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, दुकानांत न ठेवता फक्त इंटरनेटवरून विकला गेला, आणि २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

मंद्रसप्तक

@तालवेडा, पण त्यांचं नाव आधीपासून झालेलं होतं ना? माझ्यासारखीला हे कसं लागू पडेल?

तालवेडा

बरोबर आहे, आधीच्या अल्बमना ग्रॅमीची नामांकनं मिळालेली होती. त्यामुळे त्यांच्या यशाशी तुलना करू नका. घ्यायची आहे ती पद्धत: आधी ऐकणारी माणसं, मग त्यांच्या भरवशावर अल्बम. तुमच्या ३४० पैकी ३० जण पुढच्या गाण्याचा खर्च वाटून घ्यायला तयार आहेत का, हे विचारून बघता येतं. उत्तर 'नाही' आलं तरी मोठा खर्च करायच्या आधी ते कळेल.

कोमलऋषभ

नोकरीबद्दल लिहिते, मी दोन वर्षांपूर्वी सोडली. तारीख ठरवू नका, अट ठरवा. माझी अट अशी होती: मागच्या १२ महिन्यांतले सगळ्यात कमी कमाईचे तीन महिने घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची. ती सरासरी महिन्याच्या खर्चाच्या निम्म्याच्या वर गेली आणि सहा महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला असला, तर सोडायची. वर्षाची सरासरी फसवते. एका महिन्यात दोन मोठे कार्यक्रम झाले की वाटतं जमलं, आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात.

माझ्या कमाईत स्वतःच्या गाण्यांचा वाटा सगळ्यात लहान आहे. शिकवणी, इतरांच्या रेकॉर्डिंगला गाणं आणि माहितीपटांचं पार्श्वसंगीत यांवर घर चालतं. मला ते आवडतं. तुम्हाला आवडेल का, हे नोकरी चालू असतानाच करून बघा. संध्याकाळची तीन मुलांची शिकवणी सहा महिने घ्या. त्यात जीव रमत नसेल तर 'पूर्णवेळ संगीत' म्हणजे तुमच्या मनात जे चित्र आहे ते वेगळं आहे, आणि मग अर्धवेळ नोकरी हाच कदाचित उत्तम मार्ग ठरेल. त्यात कमीपणा अजिबात नाही.

दादरा

थोडं अवांतर, पण कळकळीने सांगतो. ध्येयांच्या पानावर कानांसाठीही एक ओळ ठेवा. कामाच्या ठिकाणी आवाजाची वापरली जाणारी एक मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम असले की तिथवर पोचायला काहीच लागत नाही. माझ्या डाव्या कानात पाच वर्षं शिट्टी वाजते आहे, मिक्सिंगला बसलो की वरच्या पट्टीतलं काही नीट कळत नाही. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते पहिल्या सरावापासून वापरा.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ते पान फाडलं नाही, त्याच्याच समोरच्या पानावर नव्याने लिहिलं. सहा आठवड्यांत एक गाणं पूर्ण, 'पूर्ण'ची व्याख्या खाली. महिनाअखेरपर्यंत चारही गाण्यांची नोंदणी. तबला वाजवणाऱ्या मित्राला वाट्याच्या कागदाबद्दल फोनही केला, तो म्हणाला, "मी कधीपासून विचारणार होतो, जीभ रेटत नव्हती." इअरप्लग मागवले.

एकच विचारायचं राहिलं. अकरांपैकी आधी कुठलं हाती घेऊ? सगळ्यात लाडकं गाणं दोन वर्षं अडलं आहे, त्याचा अंतराच सापडत नाही.

खर्जातला

लाडकं आत्ता नको. ज्याचं फक्त मिक्सिंग राहिलं आहे ते घ्या. पहिलं गाणं फोल्डरमध्ये पडलं की तारीख इथे कळवा, फोनच्या स्पीकरवर ऐकायला मी आहे.