सल्ला हवा: सप्ताहाचे रील काढायचेत, पोरं मंडपात यायला हवीत

ऐरोलीकर:
मंडळी, आमच्या सेक्टरात सात दिवसांचा सप्ताह आहे. पहाटे काकडा, संध्याकाळी ७ ते ९ कीर्तन. श्रोते झाडून सगळे पन्नाशीपुढचे. इन्स्टावर पान काढलंय, पण त्यावर नुसते हारतुऱ्यांचे फोटो. हाताशी दोन फोन, एक ट्रायपॉड आणि मंडपवाल्याचा साउंड मिक्सर. एक इच्छुक उमेदवार म्हणतोय, "बूस्टचे (रील जाहिरात म्हणून जास्त लोकांना दाखवायचे) पैसे माझे, कोपऱ्यात माझा फोटो टाका." काय करावं?

माईकवाला:
आधी आवाज. चित्र जरा हललं तर चालतं, टाळ कानात घुसले की पोरगं पुढच्या रीलवर जातं. मोठा आवाज आला की फोन स्वतःच पातळी खाली ओढतो, म्हणून टाळ वाजले की महाराजांचा शब्द दबतो. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून आवाज घ्या, पण वायर थेट फोनच्या माईक जॅकमध्ये खुपसू नका. मिक्सर लाइन पातळीचा सिग्नल देतो, फोनला माईकचा बारीक सिग्नल हवा असतो, आवाज फाटतोच. मध्ये साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज फोनला झेपेल असा करून देणारी डबी) लावा आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर पखवाजाची थापसुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

आणखी एक गोची. मिक्सरमध्ये ज्यांच्यापुढे माईक आहे तेवढेच येतात. मागचे टाळकरी गायब, कीर्तन स्टुडिओत झाल्यासारखं कोरडं वाटतं. दुसरा फोन मंडपाच्या मध्यावर नुसत्या आवाजासाठी ठेवा आणि तो ट्रॅक खाली हळू मिसळा. सुरुवातीला एक खणखणीत टाळी वाजवा, जुळवताना तीच खूण.

चित्राचं थोडक्यात: फोन उभा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची; शटर जुळलं नाही तर मंडपाच्या एलईडी माळा लुकलुकतात.

पावली:
पूर्ण कीर्तन यूट्यूबवर जाऊ दे. रीलला फक्त दृष्टांत, ४० ते ६० सेकंद. नमनाचं तेल नको, गोष्टीत पेच पडतो तिथूनच सुरू करा. मात्र दृष्टांत आणि त्याचं तात्पर्य एकाच तुकड्यात हवं. सासू-सुनेचा विनोद अर्ध्यावर कापलात की कमेंटींत महाराजांची धुलाई. तारीख ठरवतानाच चित्रीकरणाचं विचारून घ्या, बऱ्याच कीर्तनकारांचं स्वतःचं चॅनल असतं.

आपोआप येणारी सबटायटल्स जुनी मराठी हमखास चुकवतात. गाथा शेजारी ठेवून हाताने टाइप करा. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, मुक्ता किंवा बालू फॉन्ट फुकट मिळतात. खालच्या पाचव्या भागात मजकूर नको, तिथे बटणं येतात. "स्टेशनपासून चालत किती मिनिटं, कीर्तन किती वाजता" हे चित्रावरच लिहा, कॅप्शन कोण उघडतंय?

संतांचे शब्द सगळ्यांचे, पण गाजलेली चाल आजच्या संगीतकाराची असू शकते. यूट्यूबवर आधी प्रायव्हेट चढवा, कंटेंट आयडीची (दुसऱ्याच्या हक्काचं संगीत ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) तपासणी होऊ द्या, मग खुलं करा.

कलमबहाद्दर:
इच्छुकाला हात जोडून नाही म्हणा. १९८८ चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे: संस्थेने आपल्या उत्सवाचा वा मेळाव्याचा राजकीय कामासाठी वापर होऊ द्यायचा नाही. दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय उमेदवाराचा चेहरा असलेली जाहिरात मेटा (इन्स्टाची कंपनी) राजकीय गटात टाकू शकते. मग जाहिरात देणाऱ्याची ओळख पडताळणी, "पैसे कोणी दिले" ही ओळ, आणि ती जाहिरात ७ वर्षं सार्वजनिक संग्रहात. त्याला वर्गणीच द्यायची असेल तर रीतसर पावती फाडा. आणि हो, व्यासपीठामागचा त्याचा फ्लेक्सही फ्रेमबाहेर ठेवा. लोक तोच बघतात.

ऐरोलीकर:
आभार. रोजच्या वेळा कळवायला व्हॉट्सॲप ग्रुप काढू ना?

पावली:
ग्रुप नको, चॅनल काढा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, कॉलेजच्या मुली त्यामुळेच बाहेर पडतात. चॅनलमध्ये अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. रोज एकच पोस्ट, दुपारी ४ च्या सुमारास. ऑफिसातून निघायच्या आधी नजरेस पडली तरच संध्याकाळी ७ चं ठरतं.