लांबच्या स्थलांतरात गाडी कशी न्यावी?

प्रश्न
पुढील महिन्यात आम्ही सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या नव्या घरी राहायला जात आहोत. सामान ट्रकने जाईल. प्रश्न उरतो तो सात वर्षे वापरलेल्या गाडीचा. ती स्वतः चालवत न्यावी असे मनात होते, पण घरात तान्हे मूल आणि वृद्ध आई असल्याने तीन दिवस रस्त्यावर घालवणे मला शक्य दिसत नाही. गाडी वाहतूकदाराकडे सोपवायची झाल्यास आधी काय ठरवून घ्यावे?

प्रतिसाद १
खर्चाची तुलना करताना केवळ इंधन धरू नका. टोल, दोन रात्रींचा मुक्काम आणि बुडणारी रजाही त्यात मिळवा, म्हणजे वाहतूकदाराचा दर तितका चढा वाटणार नाही. सात वर्षांच्या गाडीसाठी उघडा ट्रेलर पुरेसा आहे, कारण बंद कंटेनरचे जादा भाडे धूळ, पाऊस आणि उडणारे खडे टाळण्यासाठी असते. ज्याच्याशी बोलणी चालू आहेत तो स्वतः गाडी नेणार आहे की केवळ मध्यस्थ आहे, हे मात्र आधीच स्पष्ट विचारा. ट्रेलर भरल्याशिवाय बहुधा निघत नाही, त्यामुळे सांगितलेली तारीख अंदाज समजावी आणि नव्या ठिकाणी पहिले काही दिवस गाडीवाचून निभेल अशी सोय करून ठेवावी.

प्रतिसाद २
माझा अनुभव सांगतो. गाडी रात्री पोहोचली, चालक घाईत होता आणि मी विजेरीच्या उजेडात वरवर पाहून पावतीवर सही केली. सकाळी मागच्या बंपरला तडा दिसला, तेव्हा ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ हे माझ्याच सहीचे वाक्य माझ्याविरुद्ध उभे राहिले. म्हणून गाडी चढवण्यापूर्वी ती धुऊन, चारही बाजूंनी, छताची आणि चाकांची छायाचित्रे घ्यावीत; जुने ओरखडे पावतीवर लिहून घ्यावेत आणि उतरवल्यावर त्याच क्रमाने तपासणी झाल्याशिवाय सही करू नये. वाहतुकीतील नुकसान विम्यात येते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. वाहतूकदाराच्या तोंडी आश्वासनावर मी पुन्हा विसंबणार नाही.

प्रतिसाद ३
टाकीत पाव भागाहून अधिक इंधन ठेवू नये. टोलचा टॅग काढून घ्यावा, अन्यथा ट्रेलरवर उभी असलेली गाडीही नाक्यावर टिपली जाऊन तुमच्या खात्यातून पैसे वजा होऊ शकतात. डिकीत भांडीकुंडी भरण्याचा मोह अनेकांना होतो (मलाही झाला होता), पण अशा सामानाची जबाबदारी वाहतूकदार सहसा घेत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. एक शंका उरली: किल्ली त्यांच्याकडे द्यावीच लागते का? वाटेत कोणी गाडी वापरली तर कसे कळणार?

प्रतिसाद २
गाडी चढवण्या-उतरवण्यासाठी किल्ली द्यावीच लागते. एकच द्या, दुसरी स्वतःजवळ ठेवा. मोठा ट्रेलर अरुंद रस्त्यात शिरत नसल्याने शेवटचे काही किलोमीटर चालक गाडी चालवत आणतो, हे गृहीत धरा. निघताना ओडोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्या आणि ट्रेलर नेमका कोठे थांबणार हे विचारून ठेवा, म्हणजे उतरवल्यावर दिसणारा फरक रास्त आहे की नाही हे तुम्हाला लगेच ताडता येईल.