मदत हवी आहे: पतसंस्थेच्या ॲपमध्ये ओळख-पडताळणीचे एसडीके जोडले, पण खरेखुरे सभासदच नापास होत आहेत

टिळकवाडीकर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी.

बेळगावातील एका बहुराज्य सहकारी पतसंस्थेसाठी आम्ही दोघे जण मोबाइल ॲप तयार करीत आहोत. संस्थेचे सभासद बेळगाव शहरात, खानापूर आणि निपाणी तालुक्यांत, तसेच सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातही आहेत आणि सभासदांची नोंदवही पहिल्यापासून मराठीत ठेवलेली आहे. पिग्मी एजंटाने सभासदाच्या घरी किंवा दुकानात जाऊन त्याची ओळख तिथल्या तिथे पडताळून घ्यावी आणि झेरॉक्सांचे गठ्ठे सांभाळणे एकदाचे बंद व्हावे, अशी संचालक मंडळाची अपेक्षा आहे.

ॲप फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवण्याच्या साधनसंचात) लिहिलेले असून सध्या फक्त अँड्रॉइडसाठी आहे. ओळख-पडताळणी स्वतः लिहीत बसण्यापेक्षा आम्ही एका कंपनीचे तयार एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोडसंच) घेतले. ते आधार कार्डाचा फोटो घेते, त्यावरील मजकूर वाचते, कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे की फोटो धरला आहे हे तपासते आणि अखेरीस 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' एवढाच निकाल आमच्या हाती देते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा किती आणि आमच्या जोडणीचा किती, हेच अजून आम्हाला उलगडलेले नाही.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की, डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) सर्व काही सुरळीत चालते, परंतु रिलीज बिल्डमध्ये (लोकांना द्यायच्या आवृत्तीत) चेहरा तपासण्याचा पडदा उघडताक्षणी ॲप बंद पडते. दुसरी अडचण एजंटांच्या स्वस्त, कमी रॅमच्या फोनांवर येते. तिथे पडताळणी पूर्ण होऊन परत येईपर्यंत आमचे ॲप पहिल्या पानावर गेलेले असते, निकाल कुठेच मिळत नाही आणि बिचाऱ्या सभासदाला पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत त्रासाची आहे. एसडीकेने कार्डावरून वाचलेले नाव आणि आमच्या नोंदवहीतील नाव यांची तुलना करून जुळणीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली आले, तर निकाल 'अनुत्तीर्ण' येतो. नोंदवही मराठीत असल्यामुळे आम्ही तिच्यातील नावे प्रोग्रामने रोमन लिपीत उतरवून एसडीकेला देतो. परिणामी, वीस-वीस वर्षे संस्थेत पैसे ठेवणारी माणसे नापास होत आहेत. कर्नाटकातल्या कार्डांवर वर कन्नड आणि खाली इंग्रजी असते, चंदगडच्या कार्डांवर वर मराठी असते. कन्नड ओळ एसडीकेला वाचता येत नाही, तरीही तिच्यातून काहीबाही अक्षरे उचलून ती नावाला चिकटवली जातात.

कंपनीच्या मदत-विभागाने उंबरठा ६० टक्क्यांवर आणण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का? मला त्यात धोका वाटतो, परंतु तो नेमका कसा मांडावा हे कळत नाही.

घाटमाथा:

पहिल्या दोन अडचणी नेहमीच्या आहेत, त्यामुळे त्या लवकर उरकतो.

रिलीजमध्येच ॲप बंद पडते याचा अर्थ बहुधा असा की, आर-८ ने (रिलीज बिल्ड आकुंचित करणाऱ्या साधनाने) एसडीकेतील काही वर्गांची (क्लासांची) नावे बदलली किंवा ते वर्ग निरुपयोगी समजून काढून टाकले. चेहरा तपासणारा भाग सी++ मधील नेटिव्ह लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी जावाचे वर्ग त्यांच्या नावाने हाक मारून शोधते; नावच बदलले तर ती काय सापडणार? लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींत) 'वर्ग सापडला नाही' किंवा 'मेथड सापडली नाही' अशी ओळ आहे का, ते आधी पाहा. असल्यास त्या पॅकेजपुरते 'कीप' नियम, म्हणजे हे वर्ग जसेच्या तसे ठेवा असे आर-८ ला सांगणारे नियम, प्रोगार्डच्या फाइलीत घाला. संपूर्ण ॲपचे आकुंचनच बंद करून टाकण्याचा मोह मात्र आवरा. त्याच बैठकीत एसडीकेच्या नेटिव्ह लायब्रऱ्या १६ केबी पेज साइजला (मेमरीचे १६-१६ केबींचे तुकडे वापरणाऱ्या फोनांवर) चालतात का, हेही कंपनीला विचारून ठेवा. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील आवृत्ती लक्ष्य करणाऱ्या ॲपांसाठी गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून ती अट घातली आहे आणि अशा वेळी अडते ते आपल्या कोडमुळे नव्हे, तर दुसऱ्याकडून आणलेल्या लायब्ररीमुळे.

दुसरी अडचण रॅमची आहे. एसडीकेचा पडदा वर असताना अँड्रॉइड तुमची मूळ ॲक्टिव्हिटी (ॲपचा मागचा पडदा) मोडून टाकते, तिच्याबरोबर फ्लटरचे इंजिनही जाते आणि निकालाची वाट पाहणारा मेथड चॅनलचा (फ्लटर आणि अँड्रॉइड यांच्यातील दुव्याचा) धागा तुटतो. तुमच्या चांगल्या फोनवर हे दिसणार नाही. डेव्हलपर पर्यायांत 'ॲक्टिव्हिटी ठेवू नका' चालू करा, म्हणजे टेबलावरच दिसेल. उपाय असा की, निकालासाठी फोनवर विसंबूच नये. पडताळणीचे सत्र तुमच्या सर्व्हरने सुरू करावे, त्याचा क्रमांक फोनवर जपून ठेवावा, एसडीके कंपनीच्या सर्व्हरने निकाल वेबहुकने (आपणहून पाठवलेल्या संदेशाने) थेट तुमच्या सर्व्हरला कळवावा आणि ॲप पुन्हा उघडल्यावर त्याने सर्व्हरलाच विचारावे की त्या सत्राचे काय झाले. कणकुंबी-जांबोटीकडे नेटवर्क मधेच जाते, तेव्हाही हीच रचना कामाला येईल.

एक शंका आहे. कंपनीची गुप्त किल्ली तुम्ही ॲपमध्येच ठेवलेली नाही ना?

टिळकवाडीकर:

ठेवली होती. दोन दिवसांपूर्वी आपला प्रश्न वाचून घाम फुटला आणि त्याच रात्री ती बदलून सर्व्हरवर हलवली. 'कीप' नियमाचा सल्लाही तंतोतंत लागू पडला. लॉगमध्ये आपण सांगितलेलीच ओळ होती. मनःपूर्वक आभार. आता प्रश्न उरला तो नावांचा.

मलप्रभाकाठ:

मी खानापूरचा असून नावांच्या या घोळात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उंबरठा खाली आणू नका. का, ते दोन उदाहरणांनी सांगतो. एसडीके बहुधा एका स्पेलिंगवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी किती अक्षरे बदलावी लागतात हे मोजून टक्केवारी काढत असेल. 'लक्ष्मण' हे नाव एका कागदावर एल-ए-एक्स-एम-ए-एन असे आणि दुसऱ्यावर एक्सच्या जागी के-एस-एच घालून लिहिलेले असते. माणूस एकच, तरी तीन अक्षरांचा फरक पडतो आणि जुळणी सुमारे ६२ टक्के येते. उलट 'रमेश' आणि 'राजेश' ही दोन वेगळी माणसे असूनही रोमन लिपीत त्यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणून जुळणी ८३ टक्के येते. म्हणजे आजच्या ८० टक्क्यांच्या उंबरठ्यावर लक्ष्मण नापास होतो आणि रमेशच्या जागी राजेश पास होतो. उंबरठा ६० वर आणला की लक्ष्मण कसाबसा आत येईल, पण त्याच्याबरोबर आणखी किती राजेश येतील, याचा हिशेब संचालक मंडळाला द्यावा लागेल. धोका मांडायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

आपल्या भागात हा प्रश्न इतका तीव्र का, याचे कारण नाव कोणत्या भाषेतून इंग्रजीत गेले यात आहे. मराठी माणूस 'ज्ञ' डी-एन-वाय असा लिहितो, कारण आपला उच्चार तसा आहे. कन्नड लिहिणारा तो जे-एन किंवा जी-एन असा लिहितो. त्यामुळे कोल्हापूरकडे पॅन काढलेला ज्ञानेश्वर 'डी'ने सुरू होतो आणि बेळगावात आधार काढलेला तोच ज्ञानेश्वर 'जे'ने. 'कृष्णा' मधल्या ऋकाराचा आपण 'रु' करतो, दुसरीकडे 'रि' होतो. कन्नडमधून आलेल्या नावांच्या शेवटी जादा 'ए' राहतो. 'व'च्या व्ही-डब्ल्यूचे तर विचारूच नका. शिवाय आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव पूर्ण की नुसते आद्याक्षर, हे प्रत्येक कागदावर निराळे असते. माझ्या स्वतःच्या तीन कागदपत्रांवर तीन माणसे आहेत असे आमच्या घरी म्हणतात.

म्हणून तुलना एसडीकेवर सोडू नका. त्याच्याकडून फक्त कार्डावरचे नाव घ्या आणि जुळणी तुमच्या सर्व्हरवर तुम्ही करा. दोन्ही नावांचे आधी एकाच साच्यात रूपांतर करावे: 'ज्ञ'ची सर्व स्पेलिंगे एक, 'क्ष'ची एक, व्ही-डब्ल्यू एक, दुहेरी अक्षरे एकेरी, दीर्घ स्वर ऱ्हस्व, शेवटचा 'ए' काढलेला आणि शब्दांचा क्रम विसरलेला. 'राव', 'आप्पा', 'गौडा' हे मात्र सरसकट गाळू नका, कारण कित्येकदा तो नावाचाच भाग असतो. एवढे करूनही निकाल दोन प्रकारचा ठेवू नये. नाव, जन्मतारीख आणि पिनकोड तिन्ही जुळले तर पास. नाव साच्यात बसत नाही पण बाकीचे जुळते, तर ते प्रकरण शाखेतील माणसाच्या टेबलावर जावे. पत्त्यातील जिल्ह्याच्या नावावर अजिबात जाऊ नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले, परंतु त्याआधीची कार्डे 'बेलगाम' म्हणतात आणि सभासद 'बेळगाव' म्हणतो. पिनकोड बदललेला नाही.

आता त्याहून महत्त्वाचे. मुळात तुम्ही कार्डावरचा मजकूर फोटोतून वाचताच कशासाठी? गूगलच्या एमएल किटला (फोटोतील अक्षरे ओळखणाऱ्या तयार साधनाला) देवनागरी वाचता येते, कन्नड येत नाही; तुमच्या एसडीकेच्या आत तेच असेल तर कन्नड ओळीचा कचरा होणारच. आधारवरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. कोड वाचला की एक प्रचंड मोठा आकडा मिळतो. त्याचे बाइट करून जीझिप (दाबून लहान केलेला मजकूर) उलगडले की रकाने सुटे होतात आणि शेवटचे २५६ बाइट म्हणजे स्वाक्षरी. ती प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने तपासली की मजकुरात फेरफार झालेला नाही याची खात्री पटते, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. फोटोतून अक्षरे ओळखण्यात अशी खात्री कधीच मिळत नाही. चांगल्या प्रिंटरवर छापलेले खोटे कार्डही ते गुणी बाळासारखे वाचून देते.

सावधगिरी एवढीच की, फार जुन्या कार्डांवरचा क्यूआर साधा असतो. त्यात पूर्ण १२ अंकी क्रमांक उघडा असतो आणि स्वाक्षरी नसते. तो स्वीकारू नका; सभासदाला नवे ई-आधार उतरवून आणायला सांगा. सुरक्षित कोड दाट असल्यामुळे स्वस्त फोनचा कॅमेरा चाचपडतो, विशेषतः दुकानातून लॅमिनेशन केलेल्या चकाकत्या कार्डावर.

निपाणीकर:

वरील प्रतिसादाला एक जोड देतो, ती तांत्रिक नाही. तुम्ही आधार कार्डाचा संपूर्ण फोटो काढून एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवीत आहात, हे मला खटकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर २०१९ मध्ये आधार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यातील कलम ८-अ प्रमाणे ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याला आधार क्रमांक किंवा बायोमेट्रिक माहिती गोळा करता येत नाही, वापरता येत नाही आणि साठवताही येत नाही. या कायद्याच्या व्याख्येत फोटोसुद्धा बायोमेट्रिक माहितीतच मोडतो. त्यामुळे क्यूआरमधील फोटोशी चेहरा जुळवण्याचा विचार असेल, तर एक ओळही लिहिण्याआधी जाणकार वकिलाला विचारा. त्याच कलमानुसार सभासदाची संमती घ्यावी लागते आणि आधारऐवजी दुसरे कोणते कागदपत्र चालेल हेही त्याला सांगावे लागते. तुमच्या ॲपमध्ये तो पर्याय दिसतो का?

संमतीचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, हेही लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा माणसाला दिलेली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत.

टिळकवाडीकर:

एसडीकेतील संमतीचा पडदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. निपाणीतील सत्तर वर्षांच्या आजींना तो दाखवून अंगठा दाबायला लावताना आम्हालाच अवघडल्यासारखे होत होते, पण कारण शब्दांत सापडत नव्हते. तो पडदा बंद करून आमचा स्वतःचा मराठी व कन्नड मजकूर त्याआधी दाखवायचे ठरवले आहे. 'आधार नको, दुसरे कागदपत्र द्यायचे आहे' असे बटणही त्याच पडद्यावर येईल आणि ते प्रकरण सरळ शाखेत जाईल. कार्डाचा फोटो बाहेर पाठवणे आजपासून थांबवले असून क्यूआर फोनवरच वाचून स्वाक्षरी तपासण्याचा भाग लिहायला घेतला आहे. चेहऱ्याच्या प्रश्नावर संस्थेच्या वकिलांची वेळ सोमवारी मिळाली आहे.

नावांचा साचा तयार करताना मलप्रभाकाठ यांनी दिलेल्या जोड्या घातल्या. आमच्या नोंदवहीत आणखी एक प्रकार सापडला: 'जोतिबा' कुठे 'वाय'सह, कुठे 'वाय'शिवाय. सीमाभागातील कागदपत्रांवर आपण पाहिलेल्या अशा जोड्या कृपया इथे लिहाव्यात. पूर्ण नाव लिहू नये, फक्त बदलणारी अक्षरे लिहिली तरी पुरे. बिदर आणि कारवारकडच्या मंडळींच्या जोड्या आमच्याकडे अजून एकही नाहीत.